तारखेची रिकामी जागा

सोमवार, ४ मार्च २०१९
चोरी अजून झालीच नाही, आणि माफी लिहून तयार! घरात माणूस ठणठणीत असताना मर्तिकाचं सामान कुणी आणून ठेवतं का? निकिताच्या कंपनीत ठेवतात. नातीनेच कागद दाखवला. कंपनी मोठी. दवाखान्यांचे, बँकांचे कागद कॉम्प्युटरात सांभाळते. तिथे चोर शिरले तर पेपरवाल्यांना काय सांगायचं, ते निकिता लिहिते. ह्याचा पगार मिळतो! कागदावर सगळं छापलेलं — "आम्हाला अत्यंत खेद आहे." फक्त दोन जागा रिकाम्या. किती जणांचं गेलं, आणि कधी कळलं.
"आजी, ऐनवेळी धांदल नको म्हणून गं."
खेदाची धांदल!

बुधवार, ६ मार्च
मेथी निवडताना निकिता म्हणाली, "तू पत्रकार हो. मला प्रश्न विचार, सराव होईल."
विचारलं — चोरी कधी कळली?
"आमचा तपास सुरू आहे."
वार सांग.
"ग्राहकांची सुरक्षितता ही आमची—"
वार!
हसत सुटली. म्हणाली, "खरे पत्रकारसुद्धा इतकं छळत नाहीत." छळायलाच हवं. आमचा रेशनवाला असंच बोलायचा — माल येतोय, बघतो, करतो. वार विचारला की त्याला घाम फुटायचा.

सोमवार, ११ मार्च
झाली चोरी. निकिताच्या कंपनीच्या कॉम्प्युटरातून रस्त्यापलीकडच्या दवाखान्याचे कागद गेले. नाव, फोन नंबर, कुणाला कसला आजार, सगळं. सकाळी साडेनऊला निकिताने तिच्या आमोद साहेबांना फोन लावला. वेणी घालत होती, म्हणून फोन ओट्यावर, स्पीकर चालू. मी तांदूळ निवडत होते. दोन्ही कानांनी ऐकलं.
"सर, पेशंटना आजच कळवायला हवं."
"घाई नको. तारखेची जागा रिकामी ठेव. आणि मेल वगैरे करू नकोस, फोनवरच बोल."
चोर परवडला!
शेजारच्या दाराची हिरा त्याच दवाखान्यात जाते. निकिता म्हणाली, "आजी, कुणाकडे बोलू नकोस. नोकरी जाईल माझी."

मंगळवार, १९ मार्च
हिराच्या घरी फोन आला. कुणी अनोळखी माणूस — "बाईंच्या छातीतल्या गाठीवर आमच्याकडे खात्रीचं औषध आहे." फोन तिच्या श्यामने उचलला. पोराला तिने गाठीचं सांगितलंच नव्हतं. त्याचं लग्न होऊ दे, मग बघू म्हणत होती. तरातरा माझ्याकडे आली. "शालन, तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? तूच बोललीस!"
काय सांगणार? ओठांवर आलं ते गिळलं. निकीची नोकरी. मेला तो आमोद!

रविवार, २४ मार्च
विहारात हिरा माझ्या शेजारून उठली आणि पलीकडे जाऊन बसली.

बुधवार, २७ मार्च
पेपरात आलं. बोट ठेवून वाचलं. "हा प्रकार २६ मार्च रोजी निदर्शनास येताच तातडीने..." तातडीने! खाली नाव — प्रवक्त्या निकिता ओव्हाळ.
"आजी, नाव माझं असतं, म्हणणं कंपनीचं असतं."
"आणि आमोदला काय बारशाला नाव ठेवलं नव्हतं?"
उठून गेली. त्याच पेपरवर मी बटाट्याची सालं काढली.

शनिवार, ३० मार्च
दवाखान्याने जाब विचारला. तुम्हाला आधीच कळलं होतं, असा त्यांना संशय. आमोद साहेब काय म्हणतो? "निकिताने मलाही २६ लाच सांगितलं. दडवलं तिने." सोमवारी कंपनीत चौकशी. निकिताकडे लेखी कपटासुद्धा नाही. फोनवरच बोल म्हणाला होता ना, शहाणा!
"फोन केल्याचं दिसेल गं आजी. पण काय बोललो ते कोण सांगणार?"
रडायला लागली. म्हटलं, रड नंतर. आधी सांग, पेपरासाठी २६ लिहिताना हात कापला नाही का तुझा?


सोमवार, १ एप्रिल
निके, ही वही ने. ११ मार्चचं पान काढ. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे. वाकडं आहे, पण वार बरोबर आहे. चौकशीत मोठ्याने वाच. तारखेचं उत्तर आमोदने द्यायचं. पेपरातल्या तुझ्या नावाचं तू.
पान उलटलं की १९ तारीख येते. तीही वाचू देत त्यांना. मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले. हिराच्या दारात तू जायचं नाहीस, कंपनीचा कागदही जायचा नाही. तिला उत्तर मी देणार.