खडूतली पावलं

४ मार्च, सोमवार
नवी नोकरी झकास. गाड्या भिंतीवर आपटायच्या, आत बसवलेल्या डमी पुतळ्याच्या पायातली यंत्रं काय सांगतात ते बघायचं, आणि माणसाचा पाय तसाच मोडला असता का, हे मी खऱ्या अपघातांच्या नोंदींशी ताडून लिहायचं. दुसऱ्याच्या चुका काढायला पन्नाशीत पगार मिळतोय म्हटल्यावर हिला कोण आनंद! पुतळ्याला इथे सगळे 'भावोजी' म्हणतात. स्वतः ढिम्म बसायचं आणि चार जणांनी उठबस करायची. उंची बरोब्बर माझ्याएवढी. म्हणून मुकादमाने मला गाडीत बसवून माझ्या पावलांभोवती खडूची रेघ मारली. भावोजींचे पाय तिच्यातच ठेवतात. दर टकरीआधी नवी रेघ, अशी इथली रीत.

८ मार्च
मांडीच्या हाडाचा भावोजींचा अंदाज चांगला, घोट्याचा सपशेल चुकतो. कारण साधं आहे. भिंत दिसली की माणूस घाबरून ब्रेकवर पाय रोवतो आणि घोटा जातो. भावोजी घाबरतच नाहीत. साहेब व्हायला जन्मलेले.

१५ मार्च
घोट्याचा अंदाज अचानक सुधारला. तुमची पावलं मानवली त्यांना, असं मुकादम म्हणाला. घरी ही खूश: बसल्याबसल्या पाय हलवायची माझी सवय गेली म्हणे. वीस वर्षं कानीकपाळी ओरडत होती. रात्री मोजा रक्ताने भिजलेला. टाचेत खिळा. कधी घुसला, कळलंच नाही.

२० मार्च
टकरीची फिल्म संथ करून पाहिली. भिंतीच्या आधीच भावोजींचं पाऊल रेघेतून उचललं गेलं — ब्रेकवर. त्याही आधी गुडघा हलत होता. अगदी माझ्यासारखा. मुकादम हसला. गाडीला हादरे बसतात, साहेब.

२२ मार्च
अंदाज तंतोतंत. जिन्यात पाय हाताने उचलून ठेवावे लागले. डॉक्टरांना काही सापडत नाही. उद्या राजीनामा. पुन्हा खडू नको —

२३ मार्च
राजीनामा खिशात. मुकादम म्हणाला, शेवटचं बसा. नाही म्हणायला जीभ रेटली नाही. बसलो. उठता येत नाही. ओठही — वही मांडीवर, हात तेवढा चालतोय. मुकादमाने पट्टा आवळला, खांद्यावर थाप मारली.

"सांभाळा, भावोजी."

दार लागलं. गाडी ओढली जातेय. काचेपलीकडे, मी नोंदी लिहायला बसतो त्या खुर्चीत कोणीतरी बसलंय, गुडघा हलवत —

भिंत. पाय ब्रेकवर न्यायला हवा. पण भीतीच वाटत नाही, आणि भीतीशिवाय तो —