तीन मजल्यांचे कॅमेरे आणि कालव्याचं एक दार

ऐन मल्हा,
रविवार, ता. २९ मे

आदरणीय शादलीमामा यांस,

भाचा खमीस याचा अदबीने सलाम.

आपला उजवा गुडघा कसा आहे? मामींची साखर गेल्या महिन्यात वर गेली होती ती खाली आली का, की मामी अजून लपूनछपून खजुराच्या मक्रूद वड्या खातात? (मला काही ठाऊक नाही असंच त्यांना सांगा, कारण त्यांनी मला शपथ घातली आहे.) इकडे मी बरा आहे. मबरूका बरी आहे. तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ‘आठ दिवसांसाठी’ आल्या त्याला तीन वर्षं झाली, त्याही ठणठणीत आहेत. तळ्यावरचे फ्लेमिंगोही शुक्रवारपासून बरे आहेत. शुक्रवारपर्यंत नव्हते, आणि त्याचं थोडं श्रेय व बराचसा दोष आपल्याकडे जातो, म्हणून हे पत्र लांबणार आहे. चष्मा लावून बसा.

आपल्याला आठवत असेल, हिवाळ्यात मी आपल्याला एक विनंती केली होती. आमच्या तळ्यात समुद्राचं पाणी घेणाऱ्या कालव्याचं लोखंडी दार दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामासाठी ‘आठ दिवस’ बंद केलं (आमच्या भागात आठ दिवस हे फार मोठं माप आहे) ते बंदच राहिलं. दार उचलायचं चाक बांधकाम खात्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली मत्स्य खात्याकडे आणि किल्ली देण्याचा हुकूम वन खात्याकडे. मी अकरा अर्ज केले. तळं आटत गेलं, पक्ष्यांच्या बेटाकडे जायला कोरडी वाट उघडी पडली आणि गेल्या वर्षी गावची मोकाट कुत्री त्या वाटेने जाऊन अंडी खाऊन आली. यंदा पिल्लं बाहेर यायच्या आत पाणी आलं नाही तर ह्याही वर्षी तेच होणार होतं. म्हणून मी लिहिलं की, मामा, आपण एकतीस वर्षं सरकारी टेलिव्हिजनच्या तळमजल्यावर कॉफीचं काउंटर चालवता, देशाला काय दाखवायचं हे ठरवणाऱ्यांच्या कपात साखर किती घालायची हे आपण ठरवता, तर कुणाला तरी सांगून एक कॅमेरा पाठवा. साहेब लोक अर्जाला भीत नाहीत, कॅमेऱ्याला भितात.

मी एक कॅमेरा मागितला होता, मामा. आपण तीन मजल्यांवर तीन कपांबरोबर माझं नाव पाठवलंत. नेमका ह्याच महिन्यात आपल्या इमारतीला ‘पाणथळ सप्ताह’ साजरा करायचा होता. दुसऱ्या मजल्यावरचा निसर्ग विभाग, चौथ्यावरचा विज्ञान विभाग आणि सहाव्यावरचा चालू घडामोडींचा विभाग एकाच आठवड्यात, तीन वेगळ्या गाड्यांतून, एकाच तळ्यावर येऊन उतरले, आणि तिघांनाही दुसरे दोघे येणार आहेत याची बातमी नव्हती. मी विचारलं, अहो, तुम्ही एकाच इमारतीत बसता ना? तर सगळे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या सोडचिठ्ठीचा विषय काढला.

सोमवारी दुसरा मजला आला. दिग्दर्शिका सिहामबाई, मोठी गोड बाई. आल्याआल्या म्हणाल्या, “खमीसकाका, आम्हाला माणसाचा स्पर्श न झालेलं तळं हवंय.” मी म्हटलं, एकोणीस वर्षं मी इथे रखवालदार आहे, स्पर्श तर झालाय. मग माझी खोपटी बोरूच्या चटयांनी झाकली, मोपेड खड्ड्यात उतरवली आणि किनाऱ्यावरचे माझ्या पावलांचे ठसे मबरूकाच्या खजुरी झाडूने मलाच पुसायला लावले. (पुसताना नवे उमटत होते. दुपारपर्यंत हेच चाललं होतं.) मी कालव्याच्या दाराकडे नेऊ लागलो तर बाई म्हणाल्या, “लोखंड नको, काका. लोखंड फ्रेममध्ये फार खुपतं.” मग त्यांना पक्ष्यांचं प्रणयनृत्य हवं झालं. मी सांगितलं, ते सगळं जानेवारीत उरकलं, आता ते अंड्यांवर बसलेत, तुमच्या आमच्यासारखे संसाराला लागलेत. बाईंना वाईट वाटलं. म्हणाल्या, “निदान उडवून तरी द्या ना जरा.” ज्या कामासाठी मी एकोणीस वर्षं लोकांवर काठी उगारली ते काम मलाच करायला सांगत होत्या. मी नाही म्हटलं. पहिल्यांदाच कुणा शहरी बाईला नाही म्हटलं.

तेवढ्यात कोरड्या वाटेने कुत्री आली. पाच होती. सगळा थवा एकदम उठला, आकाश गुलाबी झालं, आणि मी झाडू घेऊन ओरडत धावलो. मागून आवाज मुद्रित करणारा इसम हात हलवत पळत आला आणि कुजबुजला, “काका, ओरडू नका, पंखांचा आवाज हवाय.” आणि बाई म्हणाल्या, “काका, प्लीज, जरा निसर्गातून बाजूला व्हा.” त्या दिवशी सतरा घरटी गेली. मी मोजली. मला रडू आलं, ते लपवायचं काही कारण मला दिसत नाही. दुसऱ्या मजल्यावाल्यांनी जाताना माझे हात हातात घेतले, जन्मात असं दृश्य मिळालं नव्हतं म्हणाले, आणि झाडू घेऊन गेले.

बुधवारी चौथा मजला. डॉक्टर नाजी, तीन पेट्या उपकरणं आणि पांढरा कोट. (तळ्यावर पांढरा कोट अर्ध्या तासात कसा होतो ते मी लिहीत नाही.) त्यांनी पाण्याचा खारटपणा मोजला आणि वाढलेला बघून फार खूश झाले. मी म्हटलं, दार उघडलं की कमी होईल. ते दचकले. “आत्ता नका उघडू. माझा आलेख बिघडेल.” मग मला कॅमेऱ्यापुढे उभं करून विचारलं, “इथल्या भोळ्या लोकांच्या मते हे पक्षी गुलाबी का असतात?” मी सांगितलं, खारट पाण्यातली बारकी कोळंबी खातात, तिचा रंग पिसांत उतरतो. डॉक्टरांनी कॅमेरा थांबवला. चेहरा पडला होता. “खमीसभाऊ, हे मी सांगायचंय. तुम्ही हे सांगितलंत तर मी काय सांगू?” बापड्याची मला दया आली. मी तिथल्या तिथे रचून सांगितलं की, फार वर्षांपूर्वी एक नवरी सिदी मरझूगच्या दर्ग्याला जाताना मेंदीचं भांडं तळ्यात सांडून बसली, तेव्हापासून पक्षी गुलाबी झाले. डॉक्टर आनंदले. जाताना माझी बादली नमुन्यांसाठी म्हणून नेली.

शनिवारी सहावा मजला. अनीसमहाशय, ज्यांना आपण रोज बिनसाखरेची कॉफी देता. उन्हात जाकीट, कपाळावर आठी, ती आठी गाडीतून उतरतानाच तयार होती. त्यांना मेलेलं तळं हवं होतं. तळ्यात अजून ढोपरभर पाणी होतं, त्यामुळे ते चिडले. शेवटी भेगा पडलेली जमीन त्यांना आमच्या शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर मिळाली. पण एक मान्य करायला हवं, दाराविषयी विचारणारा हा पहिला माणूस. माझ्या नोकरीला धोका नको म्हणून मला खोपटीत अंधारात पाठमोरं बसवलं, आवाज बदलू म्हणाले, आणि मी सगळं सांगितलं, कपाट, किल्ली, हुकूम, अकरा अर्ज. छाती हलकी झाली. मला वाटलं, झालं काम.

मग पंधरा दिवसांपूर्वी तिन्ही चित्रपट तीन संध्याकाळी लागले आणि सगळं ऐन मल्हा कॅफेत जमलं. पहिल्या संध्याकाळी सिहामबाईंच्या चित्रपटात कुत्र्यांपासून पळणारे माझे पक्षी ‘मुक्त आकाशाची ओढ लागून’ उडाले. कुत्र्यांची दृश्यं कापली होती. दुसऱ्या संध्याकाळी मी मेंदीची गोष्ट सांगताना दिसलो आणि डॉक्टर नाजी हळहळले की, अशा अंधश्रद्धा हाच पक्षीरक्षणातला खरा अडथळा आहे. कॅफेवाला माझ्याकडे बघून म्हणाला, “खमीस, शाळेत तर पहिला यायचास रे.” तिसऱ्या संध्याकाळी मी काळ्या सावलीत बसून, सर्दी झालेल्या उंटाच्या आवाजात बोलत होतो. कुणी म्हणजे कुणी ओळखलं नसतं. पण मध्येच मागून सासूबाईंचा आवाज आला, तो कुणी बदलला नव्हता, “खमीस, गॅस बंद केलास का रे?” सगळं कॅफे हसून लोळलं. आणि शेवटी अनीसमहाशयांनी माझी रिकामी खुर्ची दाखवून देशाला विचारलं, “ह्या तळ्याचा रखवालदार तेव्हा कुठे होता?” आत त्यांनाच मुलाखत देत होता, मामा. अकरा अर्ज वेळेअभावी कापले गेले म्हणे.

दोन दिवसांत खात्याचं पत्र आलं. पंचेचाळीस मिनिटांच्या निसर्गपटात रखवालदार एकदाही का दिसत नाही? शासकीय गणवेशात अंधश्रद्धा का पसरवली? आणि सर्वांत महत्त्वाचं, सावलीतला तो इसम कोण, हे रखवालदाराने स्वतः शोधून सात दिवसांत कळवावं. मी शोध घेत आहे असं उत्तर दिलं.

एक गोष्ट मात्र चांगली झाली, तीही कुणाच्या ध्यानीमनी नसताना. चौथ्या मजल्याचा चित्रपट बघून गावच्या बायकांनी मेंदीची गोष्ट खरी मानली. पहिला मान सासूबाईंचा, त्यांनी तर ती लहानपणीच ऐकली होती. आता दर शुक्रवारी वीस-पंचवीस बायका पांढऱ्या चादरी लपेटून कालव्याच्या काठी मेंदी घेऊन बसतात आणि सिदी मरझूगच्या पक्ष्यांकडे कुत्रं वळलं की दगड मारतात. त्यांचा नेम फार चांगला आहे. पहिल्या एका शुक्रवारातच त्यांनी खात्याच्या दोन वर्षांपेक्षा जास्त अंडी वाचवली. पण शुक्रवारी वाचलेली अंडी शनिवारी कोण वाचवणार? वाट तर कोरडीच होती.

आणि परवा शुक्रवारी साहेब आले. तिन्ही खात्यांचे तीन, कारण सहाव्या मजल्याला ‘आमच्या कार्यक्रमाचा परिणाम’ चित्रित करायचा होता. बरोबर ते चाक होतं, कुसकुसच्या ताटाएवढं, मखमली कापडात गुंडाळलेलं. चाक बसवलं, साहेबांनी जाकीट सांभाळत अर्धा फेरा दिला, उरलेले मी दिले, दार उचललं गेलं आणि दोन वर्षांनी समुद्र आत आला. बायकांनी हाळी घातली. अनीसमहाशयांची आठीसुद्धा सुटली. मीही त्या क्षणी आपल्याला मनोमन दुवा दिला. मग कॅमेरा पेटीत गेला आणि मोठे साहेब म्हणाले, “चला, आता बंद करा.” मी म्हटलं, साहेब, वाट बुडायला उद्या सकाळ तरी होईल, जास्तीचं पाणी पलीकडे मिठागरात जातं, कुणाचं नुकसान नाही. तर हुकूम दाखवला. हुकूम फक्त प्रात्यक्षिकाचा होता.

तेव्हा कळलं की चाक जागेवर नाही. साहेबांनी गाड्या तपासल्या, पेट्या उघडल्या, मला कालव्यात उतरवलं. काठावरच्या बायकांनाही उठवून बघितलं, फक्त सासूबाईंना उठवता आलं नाही, त्यांचे गुडघे धरले होते, तीन तास बिचाऱ्या एका जागेवरून हलल्या नाहीत. चाकाशिवाय दार खाली येत नाही आणि नवं चाक तिन्ही खात्यांच्या सह्यांनी येईल. मला लेखी जबाब विचारला. मी खरं ते लिहिलं: दुसऱ्या मजल्याने झाडू नेला, चौथ्याने बादली नेली, त्यामुळे सहाव्याने काय नेलं असेल याविषयी मी गरीब माणूस काय सांगणार. साहेबांना ते ताबडतोब पटलं.

काल सकाळी वाट बुडाली. आज पहिली पिल्लं अंड्यांतून बाहेर आली, करड्या लोकरीच्या गुंड्यांसारखी. कुत्री अलीकडच्या काठावर बसून आहेत. मामींना सलाम, गुडघ्याला जपा.

आपला आज्ञाधारक भाचा,
खमीस

ता. क. टॅक्सीवाल्या हबीबच्या हाती मामींसाठी मिठाची एक गोणी पाठवतो आहे. आमच्याकडचं मीठ चांगलं असतं.

दुसरा ता. क. गोणी जड लागेल. वरच्या वीतभर मिठाखाली जुनी शाल आहे, ती उलगडू नका. मिठात लोखंड गंजतं म्हणून मबरूकाने आधी जैतुनाचं तेल चोळलं आहे. सासूबाईंचे गुडघे शुक्रवारी संध्याकाळीच बरे झाले.

तिसरा ता. क. खरी विनंती ही की, ती शाल काउंटरखाली, कॉफीच्या डब्यांमागे, पिल्लं उडेपर्यंत, म्हणजे ऑगस्ट संपेपर्यंत ठेवा. त्या इमारतीत कुणी विचारलंच, तर दुसऱ्या मजल्याला सांगा की चौथ्याचं सामान आहे, चौथ्याला सांगा सहाव्याचं आणि सहाव्याला सांगा दुसऱ्याचं. एकमेकांना विचारायला ते काही जाणार नाहीत.