एक घनमीटर शिकंजा

३ फेब्रुवारी

आठ महिने इकडे फिरकले नाही. माफी मागते, कारण देत नाही – द्यायला लागले तर दोन पानं त्यातच जातील.

ताईचा फोन आला होता. तिला बाबांचा शिकंजा हवाय. तिकडे, समुद्रापलीकडे! नोकरी सुटल्यापासून ती एका वाचनालयात पुस्तकबांधणी शिकवते. आता स्वतःची खोली घेतलीये. "सगळं आहे गं, दाबायला काही नाही. पुस्तकांवर विटा ठेवते."

बाबा बाइंडर होते. शिकंजा म्हणजे दोन जाड फळ्या आणि दोन लाकडी मळसूत्रं. मध्ये पुस्तक ठेवून आवळायचं. बाबा गेल्यापासून, अकरा वर्षं, तो आमच्या पुढच्या खोलीत आहे. वर वीजबिलं ठेवतो. बिलं मात्र एकदम सपाट असतात.

मी लगेच "हो" म्हणाले. जरा जास्तच लगेच?

७ फेब्रुवारी

मालवाहतूक एजंटकडे गेले. एक टेबल, दोन फोन, आणि खुर्चीवर फायलींचा ढीग. तो उचलून त्याने मला बसवलं. स्वतः पूर्ण वेळ ढीग मांडीवर घेऊन बोलला.

बोटीचं भाडं ऐकून मी हुरळले. एवढंसं! मग त्याने कागद उलटला. इथल्या बंदरात उचल-ठेव. कागदपत्रं. तिथल्या बंदरात पुन्हा उचल-ठेव. कंटेनर उघडण्याचे, गोदामाचे, ताईच्या दारापर्यंत ट्रकचे. आणि वर जकात.

"समुद्र स्वस्त आहे मॅडम. जमीन महाग."

आख्खा कंटेनर अर्थातच नको. बारा जणांच्या सामानात आपला एक कोपरा. पण भाडं कमीत कमी एका घनमीटरचं, आणि शिकंजा पाव घनमीटरही भरत नाही. मी विचारलं, "म्हणजे उरलेल्या हवेचं भाडं द्यायचं?"

"हवा तुमचीच की. भरा काहीही."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "माझी व्यायामाची सायकल धाड. इथे तिला कोण विचारतंय?"

१२ फेब्रुवारी

किंमत! एजंट पेन उघडून बसला. मी म्हटलं, त्याची किंमत नाही करता येणार.

"मग तिकडचे जकातवाले करतील. त्यांचा हात जरा सढळ असतो."

"शून्य लिहू?"

"शून्य दिसलं की त्यांचे कान टवकारतात. भावना वजा करून सांगा मॅडम."

भावना वजा केल्या. जुन्या लाकडाचा भाव लावला. मग रस्त्यात वाटलं, कमी लावला. परत गेले, वाढवला. जिन्यात वाटलं, आता जकात ताईला पडणार – परत वर. तिसऱ्या वेळी त्याने ढीग उचललाच नाही. उभ्यानेच खोडून दिलं.

एक नियम मात्र लागला मनाला. ताई तिकडे राहायला गेली तेव्हा स्वतःच्या सामानात नेला असता, तर जकात नव्हती. मागाहून बहिणीने पाठवला म्हणजे आयात. पण ती गेली तेव्हा बाबा त्यावर काम करत होते. कसा नेणार?

१३ फेब्रुवारी

फॉर्म भरला. साडेतीन तास. शिवाय खोक्याचं लाकूड, कीड मरावी म्हणून, भाजून शिक्का मारलेलं हवं, नाहीतर खोकं बंदरातच अडतं. "आणि शिकंजा लाकडाचा नाही का?" मी. "तो माल. त्याचा रकाना वेगळा," एजंट. त्या रकान्यात प्रश्न : वस्तू कीडमुक्त आहे का? त्यात लिहिलं – "आहे. नऊ वर्षांपूर्वी कीड लागली होती, औषधाने गेली."

खरंच आहे ते. बारीक भोकं, खाली पिठासारखा भुगा. मीच औषध भरलं होतं, पिचकारीने, एकेका भोकात.

२० फेब्रुवारी

गेला. वीजबिलं आता जमिनीवर.

२८ मार्च

एजंटचा फोन. कंटेनर तिकडे पोहोचला आणि अडला. किडीचा संशय! सगळा डबा सील, बारा जणांचं सामान आत. त्यात एका दंतवैद्याची खुर्ची आहे म्हणे. पेशंट तोंड उघडून उभे असतील.

"कुणी काय लिहिलंय देव जाणे," तो म्हणाला. "बघतो."

मला बघायची गरज नव्हती.

३० मार्च

स्वतःच गेले कबूल करायला. एजंटने माझा फॉर्म काढला, वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला.

"मॅडम, 'आहे' एवढं पुरलं असतं."

"पण खरं –"

"'आहे' हेही खरंच होतं ना? हा रकाना आहे हो, आत्मचरित्र नाही!" मग स्वतःवरच चिडला. "मी तरी वाचायला हवं होतं. तुमचं अक्षर बघितलं, म्हटलं हिचं काय तपासायचं."

बरोबरच आहे. मी कॉलेजच्या परीक्षा विभागात गुणपत्रिका तपासते. मला कोण तपासणार?

नवरा हसून लोळायचा बाकी होता. "तुला कुणी 'कशी आहेस' विचारलं तरी तू रक्ताचा रिपोर्ट काढतेस." मीही हसले. पण मग भांडी लावताना – तसं नाहीये. मला कुणी 'कशी आहेस' विचारलं तर मी 'बरी आहे' म्हणते. सगळीकडे मी जास्तीचं लिहीत नाही. इथेच का लिहिलं?

३१ मार्च

बाकीच्यांचं सामान सुटलं! दंतवैद्याची खुर्चीसुद्धा. अडकलाय फक्त आमचा घनमीटर, गोदामात. सात दिवस फुकट, आठव्यापासून रोजचं भाडं.

२ एप्रिल

तपासणीत जिवंत काही मिळालं नाही. पण जुनी भोकं आहेत आणि लेखी कबुली आहे. त्यामुळे पाठवणाऱ्याने तीनपैकी एकावर खूण करायची : तिथेच भट्टीत उष्णता देऊन सोडवणे, परत बोलावणे, किंवा नष्ट करणे. भट्टीचा खर्च ऐकून मी खुर्चीचा हात धरला. परत आणणं त्याच्या निम्म्यात! रिकाम्या कंटेनरांचा तिकडे ढीग पडलाय, म्हणून येतानाचं भाडं नावाला.

ताईला फोन केला. आधी तिने थट्टाच केली. "तपासनीसबाई, कीडसुद्धा टाचण लावून पाठवलीत!" हे नाव तिनेच ठेवलेलं. बाबा तिला बांधणी शिकवायचे आणि मला पानं मोजायला बसवायचे – सगळी आहेत ना, उलटं लागलं नाही ना. दोरा कधी हातात दिला नाही. मी मागितलाही नाही म्हणा.

मग ती थट्टा सोडून म्हणाली, "एक विचारू? तुला तो द्यायचा होता ना गं?"

"हे काय विचारणं झालं?"

"मग किडीचं कुणी विचारलं होतं?"

मी म्हटलं, नियम. प्रामाणिकपणा. बरंच काही म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "बरं बाई. स्वस्त पडेल ते कर. मला विटा आहेत. इथे लोक विटांनाच हात लावून बघतात, म्हणतात काय छान जुनी पद्धत." हसली. मी हसले नाही.

४ एप्रिल

'परत'वर खूण केली. सही दिली. निम्मा खर्च, ताईची संमती, एजंटचा सल्ला – सगळं रीतसर! एजंट म्हणाला, सोमवारी पुढे पाठवतो.

येताना पॉलिश आणलं. बिलं उचलून ती जागा झाडून घेतली. नवऱ्याने दारातूनच बघितलं. "पाहुणे येणारेत का कुणी?"

५ एप्रिल, रविवार

सकाळी गाणं गुणगुणत उठले आणि तिथेच थबकले. एवढा आनंद कसला? बहिणीची वस्तू तिच्या दारातून मागे फिरतेय, आणि मी गातेय!

तर हे इथे लिहिते, इथे कुणी विचारलेलं नाही : ताईचं बरोबर आहे. मला द्यायचा नव्हता. कीड लिहिताना मला ठाऊक होतं – शब्दांत नाही, पण हाताला ठाऊक होतं.

नवऱ्याला सांगितलं. तो या वेळी हसला नाही. म्हणाला, "मग?"

उद्या : एजंट दहाला येतो, त्याच्या आधी दारात. 'परत'वरची खूण खोडून भट्टीवर करणे.