पत्र्यावरच्या प्लेटा

५ जानेवारी
आजपण धुकं. रात्रभर दंव पडतं, त्यात वाळूची धूळ. सकाळी सोलरच्या प्लेटांवर राखाडी चिखल. शेठच्या डब्यांच्या किचनच्या पत्र्यावर साठ प्लेटा. पुसायचं काम आमच्या ह्यांच्याकडं. मी खाली पोळ्या लाटते, डोक्यावर पत्रा धाडधाड वाजतो. आज तीनदा लाटणं थांबलं.
शेठचा मुलगा रोहन मोबाइल दाखवतो, वीज कमी आलीय. "आंटी, टेल अंकल टु गो अर्ली." ऊन चढलं की चिखल चिकटतो म्हणे. चिकटू दे.

७ जाने.
ह्यांचा पाय सरकला. हाताला प्लेट सापडली म्हणून वाचले. कोपर सोललं. मला सांगितलंपण नाही, हळदीचा डबा शोधताना सापडले. म्हणतात, माडावर चढलेला माणूस मी, पत्र्याचं काय घेऊन बसलीस. तेही अनवाणी. बुटात पाय कळत नाही म्हणे. माडाला खरखरीत साल असते, हा ओला पत्रा. अक्कल गावी ठेवून आलेत.
शेठना तोंडावर सांगितलं, पडू नये म्हणून बांधायचा पट्टा आणा, नाहीतर हे वर जाणार नाहीत. शेठ म्हणाले, इन्शाल्ला. इथं शारजात इन्शाल्ला म्हणजे विसरा.

१० जाने.
पट्टा आला. रोहनने ह्यांना घालायला लावला, शिडीजवळ उभं करून फोटो काढला. सेफ्टीच्या फाइलला लागतो. हेपण उभे, नवरदेवासारखे.
दुपारी मी वर चढले. गुडघे गेलेत, तरी चढले. पट्ट्याचा हूक अडकवायचा कुठं? पाइप नाही, कडी नाही. नुसत्या प्लेटा. खाली येऊन ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? पट्ट्याची घडी घालत बसले.
माहीत होतं.

११ जाने.
बोलले नाही. ह्यांच्याशी नाही, शेठशीपण नाही.

१३ जाने.
समोरचं गोदाम दिसेना एवढं धुकं. हे शिडी लावायला लागले. मी व्हॅनमधली सामान बांधायची दोरी काढली. एक टोक पट्ट्याच्या हुकात. दुसरं ह्यांना पत्र्याच्या माथ्यावरून पलीकडं टाकायला लावलं, तिकडं डब्यांची व्हॅन उभी असते, तिला बांधलं. दोन गाठी. व्हॅनची चावी खिळ्यावरून काढून ब्लाउजमध्ये. बूट घाला म्हटलं. घातले, शिव्या देत.
डबे दुबई मरीनाला सातला निघायचे. पाच मिनिटं उशीर झाला की रस्त्यात तास जातो. शेठ धावत आले. "ताई, चावी द्या. खलास, ठरलं, उद्या कडी बसवतो."
"ते उतरले की देते."
शेठनी वर हाक मारली, लवकर उतर रे. वरून हे म्हणाले, अजून वीस राहिल्यात. सगळ्या पुसल्या. सावकाश. पहिल्यांदा घाई केली नाही माणसानं.
डबे पाऊण तास उशिरा गेले.
संध्याकाळ झाली, कडी बसवायला कोण आलेलं नाही. व्हॅनची चावी आज शेठ खिशात घालून घरी घेऊन गेले.