खळ, कॉलरी आणि वरच्या मजल्यावरच्या वन्सं

मी, श्रीमती होनोरा कॉर्नेलियस गेराटी, वय वर्षे एकसष्ट, धंदा शर्टाच्या सुट्या कॉलरींना खळ लावणे (सध्या बंद), राहणार ट्रॉय, न्यूयॉर्क राज्य, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, स्वतःच्या हट्टाने करून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही, असे वकील श्री. स्लोकम सांगतात.

कलम १. मला माझे पती कै. कॉर्नेलियस यांच्या शेजारी पुरावे. ते शेगड्यांच्या कारखान्यात ओतारी होते. माझ्या हाताखालून किती लाख कॉलरी गेल्या, देव जाणे. अर्ध्या अमेरिकेतल्या कारकुनांच्या माना मी ताठ ठेवल्या. माझ्या माणसाने मात्र जन्मात दोनदाच कॉलर घातली, लग्नात आणि शवपेटीत. दोन्ही वेळा खळ माझ्या हातची.

कलम २. आमच्या कॉलरींच्या कारखान्याचे व्यवस्थापक श्री. व्हिटबेक यांस एक कॉलर ठेवली आहे, कपाटाच्या वरच्या खणात. तिला खळ दुप्पट दिली आहे. ती घातली की मान खाली घालता येत नाही. तशी त्यांना ती सवय नाहीच.

कारण नोंदवते. सात वर्षांपूर्वी त्यांनी खळ लावायचे यंत्र आणले. आम्ही बायका कढत खळ हातांनी कापडात चोळायचो. बोटांची सालटी निघायची, पण त्याच बोटांवर घरे चालायची. यंत्रात कॉलरी चिकटू लागल्या, तेव्हा साहेब माझ्यापाशी आले.

"होनोराबाई, यंत्रावरच्या या नव्या पोरींना जरा शिकवा ना. यंत्रानं तुमचंच काम हलकं होईल."

"काम हलकं होईल, साहेब, की मजुरी?"

ते खिशातले घड्याळ बघू लागले. आम्ही सगळ्या उठलो, शाली घेतल्या आणि बाहेर पडलो. संप झाला तो असा.

कलम ३. खळीचे मोठे पातेले कोणीही न्यावे. त्यात मटणाचा रस्सा उत्तम होतो.

कलम ४. घर. दोन मजले, अकरा पायऱ्यांचा जिना. खाली मी, वर माझी नणंद मिस विनिफ्रेड गेराटी, म्हणजे आमच्या वन्सं. त्याही खळवालीच. संपाच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी जिन्यात मला गाठले.

"वहिनी, मी उद्यापासून कामावर जाते. दोघींनी उपाशी बसून काय साधणार?"

"जा की. पण पुन्हा मला वहिनी म्हणू नका."

वहिनी म्हणाल्या नाहीत. काहीच म्हणाल्या नाहीत. सात वर्षे एका छपराखाली राहून आम्ही एकमेकींशी शब्द बोललो नाही. वरून एकदा टाच आपटली की कोळसेवाला आला, दोनदा आपटली की पाद्रीबाबा.

संप चालू असताना दर शनिवारी सकाळी माझ्या दाराशी बटाट्यांची पिशवी असे, वर डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा. मी आळीभर सांगत सुटले, "बघा, संघटना आपल्या माणसांना कशी सांभाळते!" हे मी वरच्या खिडकीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत असे. संप फसला. यंत्र राहिले, आम्हीच मुकाट परत गेलो. मग मी संघटनेच्या बाईंचे आभार मानायला गेले. त्या म्हणाल्या, "कसले बटाटे? आमच्याकडे टाळ्यांखेरीज द्यायला होतं काय?"

घरी आले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिले आणि खोलीत परतले. तेव्हापासून रोज म्हणते, उद्या सांगेन. सबब लेखी देते: वन्सं, मी चुकले. सबंध घर तुमचे.

कलम ५. बँकेतली शिल्लक भाची सिसिलियाला. ती ऑल्बनीत टंकलेखन करते आणि लग्नाचा विषय काढला की खिडकी उघडते. तिने त्यातून आधी सायकल घ्यावी. पाद्रीबाबा बायकांच्या सायकलीविरुद्ध आहेत, तेव्हा चर्चवरून दोनदा न्यावी.

इथवर लिहून झाले आणि साक्षीदार एकच, शेजारीणबाई. एवढ्यात वन्सं स्वतः खाली आल्या. माझ्याकडे न बघता वकिलांना म्हणाल्या, "सहीला माणूस कमी आहे म्हणे. मला लिहिता येतं."

"बाई, तुम्हाला साक्ष घालता येणार नाही."

"का? संप मोडला म्हणून?"

"तसं नव्हे. ज्याला काही मिळायचं असतं, त्याची साक्ष चालत नाही."

वन्संनी सात वर्षांत प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिले. "काय मिळायचंय मला?"

"घर," मी म्हणाले. "आणि आणखी एक. चौथ्या कलमात आहे, वाचा."

"चष्मा वर राहिलाय. तोंडानं सांगा."

सांगितले. वकीलसाहेब तेवढा वेळ रस्त्याकडे पाहत होते. मग मी विचारले, आता ते कलम खोडू का?

वन्संनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसल्या. "राहू द्या, वहिनी. लेखी असलेलं बरं."

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

ट्रॉय, शुक्रवार, १४ ऑक्टोबर १८९८

(सही) होनोरा गेराटी

साक्षीदार:
१. (सही) अडेलिया ब्रॉक, शेजारीण
२. (सही) युस्टेस रीड, पाववाले, रस्त्यावरून बोलावून आणलेले