टोळीवरचं पाळणाघर

खुटबाव, ता. दौंड
३ फेब्रुवारी २०२५

चि. गौतमी हिस,
ताईचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू बघते म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले. आई न्हावऱ्याला बरी आहे. दिल्लीत जेवतेस की नुसत्या चहावर दिवस काढतेस, ते कळव.

ऊसतोड टोळीच्या पाचटाच्या कोप्यांशेजारी तुमच्या संस्थेनं काढलेलं पाळणाघर या आठवड्यात बंद करा, असा निरोप आलाय. कारण कुणी सांगत नाही. तोडणी तर मार्चपर्यंत चालणार. पोरं माझ्याकडं जेवतात, निजतात, म्हणून त्यांच्या आया बिनघोर फडात जातात. टोळीतल्या धुरपदाला सांगितलं. तिची तेजू तीन वर्षांची. बाई, आता लेकराला मी कुठं ठिऊ, म्हणाली.

तू साहेबलोकांत बसतेस. निदान हंगामभर तरी चालू ठेवा म्हण.

ताईवरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ललिताताई

नवी दिल्ली
१० फेब्रुवारी

ती. ललिताताईस,
गौतमीचा सविनय जयभीम.

जेवते गं. इथला चहा तुझ्या हातचा नाही, एवढीच तक्रार.

पैसा परदेशातल्या सरकारचा होता. तिथलं धोरण बदललं आणि देशोदेशीची कामं एका आदेशानं थांबली. आमचा अभ्यास असा होता की काही टोळ्यांना पाळणाघर द्यायचं, काहींना नाही, आणि हंगामाअखेर दोन्हीकडची पोरं कशी आहेत ते ताडून बघायचं. फरक दिसला की राज्य सरकारपुढं मांडायचं, म्हणजे पुढं सगळ्याच टोळ्यांना मिळेल. आता अभ्यास अर्ध्या हंगामातच तुटला. अर्ध्या माहितीवर धोरण ठरत नाही, असं सगळे म्हणतात. मी पुन्हा पुन्हा विनवलं. आमच्या मॅडमनी ऐकून घेतलं, पण त्यांचीच नोकरी जातेय. माझीही मार्चअखेर संपेल. आईला सांगू नकोस.

एकटीनं पाळणाघर चालवू नकोस. काही झालं तर तुझ्या अंगावर येईल.

राग धर, पण माया सोडू नकोस.
तुझी,
गौतमी

खुटबाव
२७ फेब्रुवारी

चि. गौतमीस,
आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही. समाजमंदिरात पोरं घेऊन बसले. वस्तीतल्या बायकांनी पीठ, डाळ दिली, शेजारचे नवनाथभावजी दूध आणून द्यायचे. चाललं होतं गं. मग सासूबाईंचं एक अंग लकव्यानं गेलं आणि मला त्यांना घेऊन दौंडच्या दवाखान्यात राहावं लागलं. मागं पोरं सांभाळायला कुणी मिळालं नाही. ती आयांबरोबर फडात गेली.

तेजू ट्रॉलीच्या सावलीला निजली होती. ट्रॅक्टरवाल्यानं न बघता मागं घेतला. पोर जगली. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

तेजूला बघायला पुण्याला दवाखान्यात गेले, तर धुरपदानं मला बसायला जागा केली. दोन शब्द वाईट बोलली असती तर बरं झालं असतं.

आज आणखी काही सुचत नाही. जिवाला जप.
ताई

नवी दिल्ली
१२ मार्च

ती. ताईस,
सविनय जयभीम.

काल राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांपुढं शेवटची बैठक झाली. अपघात पाळणाघर बंद झाल्यावरचा, तो अभ्यासात बसत नाही, म्हणून तेजूचं नाव काढू नकोस, असं मॅडमनी बजावलं होतं. मी काढलं. एका साहेबांनी पेन खाली ठेवून गावाचं नाव विचारलं. मग वाईट वाटलं म्हणाले, पण एका मुलीवरून धोरण होत नाही, पुरा अभ्यास घेऊन या. मी म्हटलं, पुरा करायचा तर पुन्हा काही टोळ्या पाळणाघराविना ठेवाव्या लागतील. त्यांनी पुढचा विषय घेतला.

महिनाअखेर घरी येते. तुझ्यात काही कमी पडलं असं मनात आणू नकोस.

तुझीच,
गौतमी

खुटबाव
२४ मार्च

चि. गौतमीस,
अनेक आशीर्वाद.

टोळी काल गावी गेली. निघताना धुरपदा तेजूला कडेवर घेऊन भेटायला आली. पुढच्या साली येशील का, विचारलं. न येऊन खायचं काय, म्हणाली. तिची थोरली सायली गावाकडं आजीजवळ असते, चौथीत आहे, हुशार आहे म्हणे. आता तिला शाळेतून काढून संगं आणणार, तेजूला सांभाळायला. मी म्हटलं, असं नको करूस. तर ती शांतपणे म्हणाली, मग काय करू ते तुम्ही सांगा.

तुला ठाऊक असेल तर सांगायला ये. नसेल तरी ये. आई वाट बघते.

ललिताताई