शिडी नसलेली विहीर

४ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

इतक्या महिन्यांनी पत्र, तेही कामासाठी, म्हणून आधीच कान पकडते. शहराच्या उताराला नवी वस्ती वाढतेय. तिचं सांडपाणी उचलून शुद्धीकरण केंद्राकडे ढकलणारं पंपिंग स्टेशन मी आखतेय, पहिल्यांदाच एकटीने. आज तिथे चार हजार माणसं आहेत, वीस वर्षांनी बारा हजार धरलीत. पाणी साठायची विहीर त्या मानाने खोल घेतलीय आणि तिसऱ्या पंपाची जागा राखलीय.

तुम्ही अशा स्टेशनवर तीस वर्षं काढलीत. सोबतच्या नकाशातल्या चुका काढा. आई म्हणते, चुका काढायला तिच्या भावासारखा माणूस शोधून सापडणार नाही.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो ओरड्यासकट असू द्यावा.

आपली,
खारूताई

११ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

नकाशा पाहिला. पंप ठीक, पाइप ठीक, तुझं अक्षर मात्र अजून तसंच दिव्य. बारा हजार माणसं मोजलीस, पण एक राहिला: जाळीत अडकलेल्या चिंध्या काढणारा. त्याच्यासाठी विहिरीत शिडी दाखवलीस. ती खोडून टाक. कारण विचारू नकोस.

तुझ्या आईला म्हणावं, मी अजून जिवंत आहे, महिन्याकाठी एक फोन परवडतो.

तुझा,
मामा

२० फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

शिडी खोडायचं म्हटल्यावर ऑफिसातले साहेब हसले. म्हणाले, इथे प्रत्येक नकाशात शिडी असते, तिच्याशिवाय नकाशा मंजुरीहून परत येईल. जाळी तुंबली तर माणूस उडत जाणार का, असंही विचारलं. माझा अपमान झाला. पंधरा मार्चला नकाशा पाठवायचाय. कारणच माहीत नसेल तर मी भांडू कशाच्या जोरावर?

रागावले आहे, तरी तुमचीच,
खारूताई

२७ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

बरं, ऐक. हे तुझ्या मामीलाही पुरतं माहीत नाही.

आमच्या पाळीत लंबू होता, माझा जोडीदार. पाळीचा प्रमुख मी. एका सकाळी जाळी तुंबली, पाणी चढायला लागलं. उतरण्याआधी विषारी वायूसाठी हवा तपासायचा नियम होता, पण यंत्र दुरुस्तीला गेलेलं. मी त्याला म्हणालो, दोन मिनिटांचं काम आहे, उतर. शिडी समोरच होती. पाचव्या पायरीवरून त्याने मान वर करून थट्टा केली. सातवीवर त्याचा हात सुटला. मी मागोमाग निघालो, तर बाकीच्यांनी मला कमरेला धरून मागे ओढलं.

चौकशीत लिहिलं गेलं, तो आपणहून उतरला. मी गप्प बसलो. एकोणीस वर्षं गप्प आहे. मी वाईट माणूस नव्हतो गं, घाईत होतो. शिडी असली की घाईत कुणीतरी कुणाला तरी उतर म्हणतोच.

पत्र साहेबांना दाखवायचं तर दाखव.

मामा

१६ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

शिडी गेली. नकाशा तीनदा नव्याने काढला. जाळीऐवजी टोपली, ती साखळीने वर येते. पंप दोन रुळांवरून सरकत वर येतात. व्हॉल्व्ह बाहेरच्या उथळ खोलीत आणलेत. साहेबांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, शिडी घालायची तर माझी सही काढा. मग त्यांनी चष्मा लावून नकाशा नीट पाहिला आणि माझ्या सहीखाली आपली केली.

तुमचं पत्र दाखवलं नाही. ते माझ्यापेक्षा दुसऱ्या कुणाला तरी मिळायला हवं होतं, असं मला वाटतं. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर क्षमा असावी.

तुमची,
खारूताई

९ नोव्हेंबर

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

मागल्या वर्षीच्या मार्चपासून दीड वर्षाहून जास्त लावलंस, पण स्टेशन चालू झालं. तू बैठकीत अडकलेली असताना मी परवा गुपचूप जाऊन आलो. तिथल्या माणसाने वर उभं राहूनच टोपली उचलली, रिकामी केली, हात धुतले आणि चहा प्यायला गेला. मी कठड्यावरून विहिरीत डोकावून पाहिलं. गुळगुळीत भिंत. बरं वाटलं.

तिथून लंबूच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला सगळं सांगितलं, उतर म्हणालो तेही. मला वाटलं, आता दार दाखवेल. तिने विचारलं ते एवढंच, की शेवटी तो कसली थट्टा करत होता. मी सांगितलं: या घाणीच्या वासाने आज बायको मला दारातच थांबवणार, असं म्हणत होता.

थांबवलं असतंच, म्हणाली, आणि रडत रडत हसली.

पुढच्या रविवारी मामीला घेऊन पुन्हा त्या घरी जाणार आहे. तिलाही सांगितलंय आता.

तुझा,
मामा